कानामागची लाल रेघ

"आई, मोदकला तळ्यात सोड. आणि आजोबांना सांभाळ हं. मग दोघंही एकटे नाही पडणार."

नीलचा तो आवाज रोज सकाळी चित्राच्या पुढे चालायचा. आधी देवपूजा, मग देवळामागचं तळं, तळ्यातल्या कासवांना तुपाची पोळी, आणि त्यानंतरच चहा. नील गेला तेव्हापासूनचा हा नेम. अंगात ताप असतानाही तो मोडला नव्हता.

मोदक म्हणजे नीलचं कासव. दुकानातल्या काचेच्या भांड्यातून घरी आलं तेव्हा पेढ्याएवढं होतं. कानामागे लाल रेघ, कुणी कुंकवाचं बोट ओढावं तशी. एकदा बाल्कनीतून पडून त्याच्या कवचाच्या कडेचा तुकडा उडाला. त्या दिवशी नील जेवला नव्हता.

आजोबा हे तळ्यातलं म्हातारं, काळं कासव. मधल्या दगडावर उन्हाला बसायचं. नाव नीलनेच ठेवलेलं. कळव्याला दवाखान्यात पडल्या पडल्या तो रोज विचारायचा, "आजोबा बसलेत का गं दगडावर?"

चित्राने मोदकला तळ्यात सोडलं. पुढे दरवर्षी नीलच्या तिथीला त्याच दुकानातून एक जोडी आणून तीही सोडली. कोंडलेला जीव मोकळा केला की त्याचं पुण्य लेकराला पोचतं, अशी तिची श्रद्धा. तळ्यात कुंकवाच्या रेघेची कासवं वाढत गेली. काठावर उभं राहून तिने "मोदक, ये रे" म्हटलं की पाणी हलायचं. सगळ्यांत पुढे मोदक असायचा. आता चांगला ताटाएवढा झाला होता.

आज काठाशी पाण्यात जाळीचा पिंजरा होता. शेजारी चिखलात एक मुलगी बसली होती. ऐश्वर्या तिचं नाव. ठाण्यातल्या तळ्यांमधले जीव पाहून नोंदवणाऱ्या गटातली.

"काकू, पोळी तुम्हीच टाकता ना?" ती म्हणाली. "आम्ही आठवडाभर पिंजरा लावून बसलोय. एक पण आत जात नाही. कशाला जातील म्हणा, घरची तूपपोळी मिळतेय तर!"

चित्राला हसू आलं. "कुणाला पकडायचंय गं?"

"ती लाल रेघवाली. बाहेरच्या देशातली आहेत ती. लोक घरी कंटाळले की आणून सोडतात इथे. आपली कासवं ह्या पाण्यात हजारो वर्षं घडत आलीत, काकू. त्यांना असले दांडगे पाहुणे कधी माहीतच नव्हते. हे त्यांची जागा अडवतात, खाणं संपवतात, आजार देतात. आपलं काळं कासव ह्या तळ्यात आता एकच उरलंय. ते बघा ना."

चित्राने पाहिलं. मधल्या दगडावर मोदक ऐसपैस बसला होता. दगडाच्या खाली आजोबांचं डोकं पाण्याबाहेर आलं. त्यांनी पुढचा पाय दगडाला लावला. मोदक वळला आणि त्याने त्यांना ढकललं. पाय घसरला. थोड्या वेळाने त्यांनी तो पुन्हा लावला.

हे चित्राने कितीतरी वेळा पाहिलं होतं. दोघं खेळत होते, असं ती घरी जाऊन सांगायची.

"ऊन नाही मिळालं की कवच सडतं," ऐश्वर्या म्हणाली. "ही लाल रेघवाली काढली तर ते जगेल. सोबतीला आणखी एखादं आणून सोडता येईल."

"आणि ह्यांना कुठे नेणार?"

"लांब टाक्या आहेत सिमेंटच्या. सांभाळतात तिथे. पण परत तळ्यात नाही सोडत."

"बघायला येता येतं?"

"नाही हो, काकू."

चित्राच्या हातातली पोळी हातातच राहिली. ती तशीच घरी आली. त्या दिवशी नेम मोडला. तिने चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने देवापाशी दिवा लावला आणि पोळी केली. तिच्यावर तूप रोजच्यापेक्षा जास्त घातलं. तिचे यजमान हरिहर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काल तिने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"चित्रा, तू नको जाऊस," ते म्हणाले. "पकडू देत त्यांचे ते. नाही सापडला तर नाही सापडला. नीलचं म्हणून तेवढंच तर जिवंत आहे आपल्याजवळ."

चित्राने पोळी डब्यात घातली आणि झाकण लावलं.

"त्याने दोन कामं सांगितली होती मला," ती हळूच म्हणाली. "मी एकच केलं."

तिने चपला घातल्या. दार उघडताना ती क्षणभर थांबली.

"मोदक त्यांच्या पिंजऱ्यात जायचा नाही. मी हाक मारली की येईल."

आणि ती जिना उतरू लागली.