पेलायचं वजन

"लेडीज हेच नेतात, मॅडम," म्हणत दुकानदाराने दोन किलोचे गुलाबी डंबेल्स काउंटरवर ठेवले. "पन्नाशीत एवढं पुरतं. पोट कमी होईल."

"पोट राहू दे," हेमलता म्हणाली. "मला जमिनीवरून माणूस उचलायचाय."

अर्धांगवायू झालेली तिची आई गेल्या महिन्यात पलंगावरून घसरली होती. हेमलताला एकटीला ती उचलता आली नाही. शेवटी खालच्या मजल्यावरचे दोघे पुरुष आले. विस्कटलेल्या गाऊनमधली आई त्यांच्यासमोर डोळे घट्ट मिटून पडून राहिली. त्यानंतर तिने पलंग सोडलाच नाही. खुर्चीत बसवायचं म्हटलं, तरी गादीची कड धरून ठेवायची.

दुकानदाराने गुलाबी जोडी परत ठेवली आणि लोखंडी दांडा न् चकत्या बाहेर काढल्या. "हळूहळू वाढवा. कमरेतून वाकू नका," म्हणत त्याने कसं उचलायचं ते करून दाखवलं.

हेमलता रोज सकाळी आईच्या खोलीतच दांडा उचलू लागली. आई आधी भिंतीकडे तोंड फिरवायची. मग बघू लागली.

"या वयात पैलवान होणार आहेस का गं?"

हेमलता हसायची आणि आणखी एक चकती चढवायची.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी आईने आपणहून चांगला हात पुढे केला.

"हेमे, मला गॅलरीत ने."

हेमलताने तिला कवेत घेऊन उचललं आणि गॅलरीतल्या खुर्चीत अलगद बसवलं. आई बराच वेळ खालचा रस्ता बघत होती.

"इतक्यात आत नेऊ नकोस," ती म्हणाली.