व्यसन : नाही

"काही व्यसन?" रंजीता सिस्टरने फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

"नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. उत्तरं त्यांनाच द्यावी लागत होती. नवरा हरिदास शेजारी खाटेवर बसला होता, पण त्याचं तोंड आता जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं आणि त्याचं बोलणं बायकोलाही धड कळत नव्हतं. उद्या सकाळी डॉक्टर डावा जबडा काढणार होते. पुढे तो किती दिवस काढेल, हे त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"तोंडाचा कॅन्सर आहे त्यांना, दुर्गाबाई. खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यली ना." दुर्गाबाईंचा आवाज चढला. "आमच्या गावची दारू कोनं बंद केली? यायनंच. सावली गावाच्या रस्त्यावर बोर्ड हाये आमचा, 'व्यसनमुक्त गाव'. बोर्ड लागला त्या दिवशी यायनं सोता घोटून साऱ्या गावाले खर्रा वाटला."

रंजीताचा पेन थांबला.

आता यात दुर्गाबाईंची चूक तरी काय म्हणा. त्यांच्याकडे व्यसन म्हणजे दारू. खर्रा म्हणजे नुसता खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. पाहुणा आला की पाण्याआधी तो पुढे करायचा. मयतीहून परतल्यावर करायचा. भावाभावांचं भांडण मिटलं तरी एकाच पुडीतून दोघांनी घ्यायचा. नको म्हणणाराच गावात तुसडा ठरतो.

हरिदासने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. अर्धी संपलेली होती. दवाखान्यात भरती होतानाही ती त्याने सोबत आणली होती. फॉर्मवर 'व्यसन' लिहिलेल्या रकान्यावर त्याने ती ठेवली आणि त्यावर बोट टेकवलं.

"अवो, हे व्यसन नोहे," दुर्गाबाई त्याला समजावत म्हणाल्या. "खर्रा हाये हा."

रंजीताने पुडी उचलून कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला. दुर्गाबाईंनी वाटेतच ती काढून घेतली. चिमूटभर आपल्या गालात धरली, उरलेली पदराच्या टोकाला बांधली.

"फेकू नका, मॅडम. उद्या दिवसभर बाहेर बसाचं हाये मले. याच्याबिगर करमत नाई."

हरिदासने त्यांचा पदर धरला. ओढला. एका बोटाएवढ्या तोंडातून काहीतरी म्हणाला, पुन्हा म्हणाला.

दुर्गाबाईंना वाटलं, तो स्वतःसाठीच मागतोय.