हेडफोनचा निळा दिवा

भाच्यानं हौसेनं बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम चढवली आणि ब्लूटूथनं मान टाकली. हेडफोनशिवाय बाबांना ऐकू येईना. परदेशातल्या लेकीला उगाच काळजी नको म्हणून रविवारच्या कॉलवर ते तिचे हलणारे ओठ बघत नुसती मान डोलावत. शेवटी दुरुस्तीवाल्यानं कुठूनसा ब्लूटूथ चालवणारा जुना ड्रायव्हर प्रोग्रॅम शोधून नव्या सिस्टिमच्या गळी उतरवला. हेडफोनवर निळा दिवा लागला. बाबांनी लगबगीनं कॉल लावला. “बाबा, इथली कायमची नोकरी घेतली,” लेक म्हणाली. “अगं, तू तर परत येणार होतीस ना?” “गेल्या रविवारी विचारलं की तुम्हाला! ‘इथंच राहिले तर चालेल ना?’ म्हटलं, तर हसून मान डोलावलीत.” तिचा आवाज बारीक झाला. “मला वाटलं, नको म्हणाल.” शब्दन्शब्द स्वच्छ ऐकू आला. “आवाज येत नाहीये गं,” म्हणत बाबांनी हसून मान डोलावली.