चीक

“डास पटापट मरताहेत, मॅडम!” लॅपटॉपवरचा सुबोध लग्नाची बातमी द्यावी तसा म्हणाला. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावात तो गुरांचा डॉक्टर होता आणि गाईंना जंताचं इंजेक्शन टोचत होता. इंजेक्शन दिलेल्या गाईचं रक्त प्यायला की डास मरतो, आणि डास मेले की मलेरिया हटेल, असा सगळा हिशोब होता. तो हिशोब उत्तरा अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या ऑफिसात बसून करायची. गावाला द्यायच्या सूचनांचं मराठीही तिच्याच गळ्यात पडलं होतं, कारण ऑफिसात मराठी येणारी ती एकटीच.

शेजारी तिची बॉस हानेके बसली होती. तिला मराठीतलं ‘नमस्कार’ तेवढं यायचं, आणि तेही ती निरोप घेताना म्हणायची.

“आणि काल मोरेश्वरची गाय व्याली. कालवड झाली.”

“अरे वा! मग खरवस एकट्यानेच हाणलास वाटतं?” उत्तरा सहज बोलून गेली.

“एकट्याने कसा? मोरेश्वरने अख्ख्या आळीला वाटला.”

दोघं हसली. आणि दोघांचंही हसू एकदमच मावळलं.

“त्या गाईला इंजेक्शन कधी दिलं होतंस?”

“मागच्या आठवड्यात. पण ती आटलेली होती, मॅडम, दूध नव्हतंच तिला. आणि दूध प्यायचं नाही, हे मी घरोघर सांगितलंय. तुम्ही लिहून दिलंत तस्संच. दुधाचा थेंब कुणी तोंडाला लावला नाही. हा तर चीक होता.”

चिकाला दूध कोण म्हणतं? उत्तराच्या आईनेही कधी म्हटलं नव्हतं.

“कुणी कुणी खाल्ला?”

“सगळ्यांनीच. आधी मोरेश्वरच्या बायकोला दिला. सातवा लागलाय तिला, खरवसाचे डोहाळेच लागले होते.”

उत्तरा उठली, बसली, पुन्हा उठली. चिकात औषध उतरून उतरून किती उतरणार? बहुधा काही व्हायचं नाही. बहुधा! पोटुश्या बाईसाठी हा शब्द किती तोकडा होता, ते तिला पहिल्यांदाच कळलं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

“आत्ताच्या आत्ता तिला दवाखान्यात ने, सुबोध. डॉक्टरांना औषधाचं नाव सांग. आणि उरलेला खरवस कुणाला खाऊ देऊ नकोस.”

“निघालोच.” मग त्याने आवाज खाली आणला. “पण मॅडम, तिकडे सांगायलाच हवं का? सगळं काम बंद पाडतील. त्या लोकांना खरवस कुठे कळतोय?”

ती काही बोलायच्या आत त्याने कॉल तोडला.

“चांगली बातमी दिसतेय,” फोनवरच्या मेलमधून मान वर काढत हानेके इंग्रजीत म्हणाली. “हसत होतीस.”

कालवड झाली, एवढंच सांगून भागलं असतं. उत्तरा खिडकीपाशी गेली. परत आली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

“पण दूध नको, हे तू त्यांना सांगितलं होतंस ना?” हानेकेचा आवाज चढला.

“सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही. पण गाय व्याल्यावर पहिलं येतं ना, पिवळं, घट्ट...” नेमका इंग्रजी शब्द आठवेना.

“बीस्त,” हानेके म्हणाली. डचमधला चिकाचा शब्द.

मग तिने सूचनांची फाइल पुढे ओढली.

“इंजेक्शनं आजपासून बंद. त्या बाईची खबर आली की मला लगेच सांग.” तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. “तुझ्या सूचनांचा इंग्रजी मसुदा मीच तपासला होता, उत्तरा. गोठ्यातच वाढले मी. आम्हीसुद्धा त्याला कधी दूध म्हटलं नाही.”