माडी: रिकामी

भर दुपारी, गंगाखेडच्या घरी, शिवानी माडीवर बसून कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये लुटुपुटूची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होती. घरातल्या खोल्या म्हणजे फोल्डर, माणसं म्हणजे फाइली. स्वतःला तिनं माडीत ठेवलं होतं, आईला स्वयंपाकघरात.

तिनं ‘दाखव’ असा हुकूम टाइप केला.

माडी: रिकामी.
स्वयंपाकघर: आई, शिवानी.

तिनं कोड पुन्हा तपासला. तिचं नाव एकदाच होतं, माडीपुढं.

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला, “शिवानी, कवाची माझ्या मागं उभी हायस, बोल की!”

आईच्या मागं जे उभं होतं, ते आधी तिथून हलवायला हवं होतं. तिनं घाईनं ‘शिवानी माडीत हलव’ लिहिलं आणि एंटर दाबलं.

“अगं, चहा टाकलाय अन् वर कुठं चाललीस?”