एकोणीस खिळे

"ये ना आई बाहेर. वाळलाय आता. पाय ठेवलास तरी चालेल."

मागच्या दाराबाहेरच्या लाकडी ओट्यावर मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, पण चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. दोन वर्षांनी आईकडे आला होता, आठवड्याची रजा काढून. आल्या दिवशी ओट्याची कळा बघितली आणि त्याला राहवलं नाही. न सांगितलेली कामं अंगावर घेण्याची खोड त्याला लहानपणापासूनचीच.

सहा दिवस त्याने मान वर केली नाही. रसायन लावून जुन्या रंगाचे थर फुगवले, लोखंडी पत्रीने खरवडले. घासकागदाने घासून घासून फळ्या मूळच्या लाकडापर्यंत आणल्या. जागोजागी खिळ्यांनी डोकी वर काढली होती. ते सगळे उपटून त्याने फळ्या स्क्रूंनी आवळल्या आणि भोकं भुसा आणि सरस कालवून बुजवली. पायऱ्यांजवळची एक फळी करकरायची, तिच्याखाली पाचर ठोकली. वर जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. आता तळहात फिरवला तर कुठे म्हणून काही लागत नव्हतं.

आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात आली. वाळत घालायची दोरी ओट्याच्या पलीकडे होती, तीन पायऱ्या उतरून. तिने उजवा पाय बाहेर टाकला. अंगठा फळीवर डावीकडे सरकवला, मग उजवीकडे, आणि पाय मागे घेतला.

"इथला खिळा कुठे गेला?"

"भंगारात," तो हसला. "एकोणीस होते, मोजलेत मी. एखाद्या दिवशी ठेच लागून तोंडावर आपटली असतीस."

"आणि करकरणारी फळी?"

"तिचंही तोंड बंद केलं."

आई हसली नाही. बादली खाली ठेवून तिने दाराची चौकट धरली.

"मीच वर काढले होते रे ते," ती म्हणाली. "हातोडीच्या पाठीनं, अर्धे अर्धे. दारातल्या खिळ्यापासून सरळ जायचं, चार लागले की उजवीकडे वळायचं. फळी करकरली की समजायचं, पुढे पायरी आहे."

त्याला आधी काही कळेना. मग त्याने तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पण जरा चुकून, त्याच्या कानाच्या पलीकडे. सहा दिवस तिने त्याला दोन्ही वेळा गरम वाढलं होतं, दारापर्यंत चहा आणून दिला होता, आणि त्याची नजर काही पत्रीवरून उठली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दिसतं किती?"

"उजेड कळतो. समोर कोणी उभं आहे, एवढं कळतं. तू आहेस हे तू तोंड उघडलंस की कळतं."

"कधीपासून?"

"मागच्या खेपेला आला होतास, तेव्हा एक डोळा चालत होता. गेलेलं परत यायचं नाही म्हणाले डॉक्टर."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला तुझ्या घरी नेलं असतंस. माणसं चांगली आहेत रे तुझी. पण तिथे बाथरूमला जायचं तरी कोणाचा तरी हात धरावा लागेल. इथे मला कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नव्हत्या."

त्याने धावत जाऊन हातोडी आणली, भंगाराच्या डब्यातून मूठभर खिळे काढले आणि तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला.

"सांग, कुठे कुठे ठोकू?"

"असं सांगता नाही यायचं. पायालाच ठाऊक होतं ते. चालून बघते."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती एकेक पाऊल टाकी, तो रांगत रांगत खडूने खूण करी. पहिली खूण जमली. दुसरी तिला जवळ वाटली, मग लांब. तिसऱ्या पावलाला गुळगुळीत फळीवरून तिची टाच सरकली आणि त्याने तिला वरच्या वर धरलं. इतकी हलकी झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"एका दिवसात थोडेच बसले होते ते," ती धापा टाकत म्हणाली. "दोन वर्षं लागली. पडत, धडपडत."

"मी रजा वाढवतो आई. अजून आठ दिवस राहतो. होतं तसं सगळं करून देतो."

"राहा की. मी का नको म्हणते?" चाचपडत तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "फक्त एवढं ऐक माझं. आता घरातलं काही नीट करू नकोस."

त्याने मान हलवली. मग ते तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन "नाही करत" म्हणाला.

"चल, चहा टाकते." भिंतीला बोटं लावत आई आत वळली. घरात तिचं पाऊल कुठे अडखळत नव्हतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

तो झटकन तिच्या मागे गेला. सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना त्याने तिथली डब्यांची फळी आवरली होती. सगळे डबे उतरवून, पुसून, उंचीप्रमाणे ओळीने लावले होते. कुठला आधी कुठे होता, ते काही केल्या त्याला आठवेना.