पुलावरचा ठिपका

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका पुलावर सोळाव्यांदा मेला.

"संपलं," धाकटा म्हणाला. "आता बंद करणार तो. कोणीही करेल."

ताईने खुर्ची पुढे ओढली. स्क्रीनवर त्यांच्याच गेमचा नकाशा होता: गाव, नदी, पूल, पलीकडे डोंगर. वीस सेकंद काहीच हललं नाही. मग ठिपका गावाच्या वेशीत उगवला आणि पुन्हा पुलाकडे चालू लागला.

"चिवट आहे," ती म्हणाली.

ठिपका म्हणजे आपल्या घरी बसून तो गेम खेळणारा समीक्षक; तो कुठे आहे ते नकाशावर दिसे, काय करतोय ते खाली ओळीने उमटे. बातम्यांच्या एका वेबसाइटवर दर शुक्रवारी पाच वाजता त्याचा स्तंभ येई आणि त्याच्या शेवटी एकच शब्द असे: 'घ्या' किंवा 'थांबा'. गेम खेळणारे निम्मे लोक तेवढा शब्द वाचून खरेदी करत.

ताई एकतीसची, धाकटा सव्वीसचा. प्रोग्रॅमिंग तिचं, चित्रं त्याची. घराच्या पुढच्या खोलीत तीन वर्षं खपून दोघांनी हा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम केला होता. एक डाकवाली, पाठीवर पिशवी, हातात तलवार, वाटेत लांडगे. अर्धा तास खेळा, बाजूला ठेवा, उद्या पुन्हा उचला, इतका सहज. विक्री पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती. गेम उघडायचा एकच कोड आजवर बाहेर गेला होता, काल संध्याकाळी, समीक्षकाला. नकला निघू नयेत म्हणून ताईने त्याला कुलूप घातलं होतं: कोड पहिल्यांदा ज्या कॉम्प्युटरवर उघडेल, त्याच कॉम्प्युटरवर चालेल.

सोमवारी तिला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात रुजू व्हायचं होतं. किंवा व्हायचं नव्हतं. ते आज पाच वाजता ठरणार होतं.

अट बाबांची. ते कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. समोर येईल तो सुटा भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, पास किंवा नापास. "तुमची आई चांगलंच म्हणणार," ते म्हणाले होते, "आणि माझं तुम्ही ऐकणार नाही. तेव्हा त्रयस्थ माणसाने सांगू दे, पैसे देऊन घ्यावा असा आहे का हा खेळ. 'घ्या' आलं तर वर्षभर मी शब्द काढणार नाही. 'थांबा' आलं तर सोमवारी नोकरी. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली होती.

ठिपका सकाळी दहा वीसला सुरू झाला. पहिला दीड तास तो गावाबाहेर पडलाच नाही. एकेका घराच्या भिंतीवर त्याने टोकापासून टोकापर्यंत तलवार आपटली.

"भिंती का ठोकतोय हा?"

"फट शोधतोय."

मग त्याने विहिरीत उडी मारली. बाहेर येऊन पुन्हा मारली. अकरा दारं उघडली, अकरा बंद केली. ताईने नख कुरतडायला घेतलं. असा खेळणारा माणूस यादी करत असतो, आणि ती यादी चांगल्या गोष्टींची नसते.

तीन वाजता धाकटा खुर्चीतून अर्धा उठला. "शेळीला पाला घातला त्याने. तिसऱ्यांदा. त्याचे गुणही मिळत नाहीत."

"माहीत नसेल त्याला."

"पहिल्या वेळी माहीत नसेल. तिसऱ्या वेळी?"

ताई किंचित हसली. दिवसातली पहिलीच वेळ.

आई चहा घेऊन आली. "तुम्ही जेवला नाहीत, तुमचे वडीलही नाहीत. सकाळपासून दार लावून बसलेत. हाक मारली की म्हणतात, थांब."

"निकालाची धास्ती घेतलीय त्यांनी," ताई म्हणाली.

"त्यांना कसली धास्ती? तुझं नोकरीचं पत्र लॅमिनेट करून आणलंय त्यांनी."

चार वाजून पाच मिनिटांनी ठिपका बाविसाव्यांदा मेला. या वेळी तो वेशीत उगवला आणि तिथेच उभा राहिला. एक मिनिट. दोन. तीन.

"ताई, पुलावरचा लांडगा जरा हळू करू? इथूनच होईल. कळणारही नाही त्याला."

तिचा हात कीबोर्डवर गेला. बोटं कळांवर टेकली. मग तिने हात मांडीखाली दाबून धरला.

"नको. लोक जे विकत घेणार, तेच त्याने खेळायचं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी."

ठिपका हलला. पुलाकडे न जाता नदीकाठाने खाली गेला, धाकट्याने सहज रंगवलेल्या एका दगडावर चढला आणि तिथून लांडग्याच्या पाठीमागे उतरला. चार एकावन्नला तो पलीकडे होता. धाकट्याने ताईला इतक्या जोरात मिठी मारली की खुर्ची भिंतीवर आदळली.

"अशी वाट आहे हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

पाच वाजता स्तंभ आला. तो मोटारींच्या शर्यतीच्या एका गेमवर होता. शेवटी 'थांबा'. त्यांच्या गेमचं नावही कुठे नव्हतं.

दोघं काही बोलण्याआधी ताईचा फोन वाजला. समीक्षकाचा निरोप होता. धाकट्याने मोठ्याने वाचला: "सकाळी मेल केला होता, उत्तर नाही. तुमचा कोड माझ्याकडे चालत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे, असं येतंय. गेम उघडताही आला नाही, म्हणून नाइलाजाने दुसरा घेतला."

ताईने सकाळपासून मेल उघडलाच नव्हता. नकाशावर ठिपका चालत होता.

"मग हा कोण?" धाकट्याने विचारलं.

ताईचा एक नियम होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय ती काहीही बाहेर पाठवत नसे.

"काल पाठवण्याआधी मी कोड तपासला होता," ती सावकाश म्हणाली.

"कुठे?"

"घरात दुसरा कॉम्प्युटर एकच आहे."

पाच वाजून सहा मिनिटांनी बाबांच्या खोलीचं दार बंदच होतं, आणि ठिपका डोंगर चढत होता.